नळाला हात लावून या

साहेबांच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी दाराजवळच्या नळाला हात लावावा लागे. पाणी पिण्यासाठी नव्हे. त्या नळाला पाणी फारसं यायचंच नाही. नुसता हात लावायचा, क्षणभर थांबायचं आणि मग आत. आम्ही तिथे काम करणारे लावत होतोच, पण वीजबिल आणून देणारा, शेजारच्या फौंड्रीतून पाना मागायला येणारा, इतकंच काय, वर्गणीला आलेलं गणेश मंडळसुद्धा सुटलं नाही. साहेब आतूनच ओरडत, “नळाला हात लावून या.” मंडळाच्या अध्यक्षांनी हात लावला तो लावलाच, वर कपाळालाही टेकवला. शिरोली एमआयडीसीत बऱ्याच जणांची अशी समजूत होती की त्या नळाखाली कुठल्यातरी देवाचं ठाणं आहे. साहेबांनी ती समजूत कधी दूर केली नाही. “हात लावत्यात न्हवं? मग बास झालं,” एवढंच ते म्हणत.

खरं कारण साधं होतं. चालता-फिरता आपल्या अंगात थोडी वीज साठते. आपल्याला ती जाणवतही नाही, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या नाजूक चिपा तेवढ्यानेही मरतात. लोखंडी पाइपाला हात लावला की ती वीज जमिनीत जाते. हे मी कॉलेजात शिकून आलो होतो म्हणून मला ठाऊक. साहेबांनी हे कारण कुणाला समजावून सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांचा स्वभावच तसा होता. काय करायचं ते ते दहादा सांगत, का करायचं ते एकदाही नाही.

नव्वदच्या दशकात मी डिप्लोमा संपवून त्यांच्याकडे लागलो. हातकणंगल्याहून पॅसेंजरने यायचो आणि पुढे मिळेल त्या वाहनाने शिरोली गाठायचो. चारी बाजूंना लोखंड ओतणाऱ्या फौंड्र्या, दिवसभर काळी वाळू उडायची, आणि मधोमध आमची ही पत्र्याची शेड, जिथे विमानाच्या चाचणीसाठी लागणाऱ्या पेट्या तयार होत. घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. वडील म्हणाले, “शिरोलीत इमान? तिथं ट्रॅक्टरचं भाग वतत्यात.”

नवं विमान चाचणीला उडतं तेव्हा त्याच्या अंगात काय चाललंय ते खालच्या लोकांना त्या क्षणीच कळावं लागतं. पंखावर ताण किती, इंजिन किती तापलं, शेपटी किती थरथरतेय. असे कितीतरी आकडे एका पेटीत गोळा होतात आणि रेडिओने जमिनीवर येतात. ह्याला टेलिमेट्री म्हणतात. हे एका फौंड्रीवाल्याला समजावताना साहेब म्हणाले होते, “म्हशीला ताप आला तर ती सांगती काय? डाक्टर कानाला हात लावून बघतो. हितं म्हस आभाळात हाय, एवढाच फरक.” फौंड्रीवाल्याला पटलं. पुढे त्याने त्यांचं नाव ‘इमानवालं सायेब’ असं पाडलं आणि तेच सगळीकडे चाललं.

साहेब मूळचे सीमेकडच्या एका गावचे, शेतकऱ्याघरचे. बंगळूरला विमानांच्या चाचण्या घेणाऱ्या एका ठिकाणी त्यांनी बरीच वर्षं काढली, पण बोली गावचीच राहिली. ती नोकरी त्यांनी का सोडली ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझी चूक दाखवताना. एका उड्डाणात विमान वळलं, अँटेना झाकली गेली आणि काही क्षण संदेश तुटला. कागदावर पेनने उमटणारी रेघ तेवढ्या जागेत गायब. वरच्या अधिकाऱ्याने सांगितलं, दोन्ही टोकं जोडून रेघ पुरी करा, अहवालात बरी दिसेल. साहेब नाही म्हणाले. वाद वाढला, आणि ते बिऱ्हाड आवरून कोल्हापूरला आले.

“भोक हाय तिथं भोकच दिसलं पायजे,” ते मला म्हणाले. “ठिगळ लावायचं न्हाय. तू रेघ जोडशील, आन त्याच जागेला पंख मोडायला लागला असंल तर?”

हा नियम त्यांनी कागदापुरता ठेवला असता तर फार बरं झालं असतं. पण लग्नाच्या पंगतीत यजमान वाकून विचारी, “जेवलासा का पोटभर?” आणि साहेब म्हणत, “वांगं कच्चं हाय.” एका मित्राने नवं घर बांधलं, हौसेने फिरून दाखवलं. साहेबांचा अभिप्राय: “जिना तिरका हाय.” लोक हळूहळू त्यांना बोलवायचे बंद झाले. त्याचं त्यांना काही वाटलं नसावं, पण वहिनींना वाटत होतं. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना माणसांची हौस, आणि गाठ पडली अशा माणसाशी. दुपारचा डबा त्या स्वतः बसने शेडवर घेऊन येत, नळाला हात लावून आत येत आणि साहेब पहिला घास घेईपर्यंत उभ्या राहत. घास घेतला की निकाल यायचा: “आमटी अळणी हाय.” नाहीतर “आज तिखाट जास्त.” नाहीतर काहीच नाही, म्हणजे उत्तम. “चांगली झालीया” हे शब्द मी त्या शेडमध्ये कधी ऐकले नाहीत.

“वजनकाटा हाय हो आमचं हे,” वहिनी मला म्हणाल्या होत्या. “काट्याला माया नसती. पर खोटं बी बोलत न्हाईत.” हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता की वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही.

पेटी विमानात बसायची म्हणजे तिला हादरे सोसता आले पाहिजेत आणि तिचा रेडिओ लांबून ऐकू आला पाहिजे. हादरे देणारं मोठं यंत्र आम्हाला झेपणारं नव्हतं. साहेबांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे जोतिबाचं वडाप. माणसं कोंबून डोंगर चढणाऱ्या त्या जीपमध्ये मी पेटी मांडीवर घेऊन बसायचं, अँटेना खिडकीबाहेर धरायची, आणि साहेब शिरोलीत शेडच्या पत्र्यावर चढून दुसरी अँटेना डोंगराकडे रोखून उभे राहायचे. एकदा ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, “पावणं, ह्यात काय हाय? फुटायबिटायचं न्हाय न्हवं?”

मी म्हटलं, विमानाचं सामान आहे.

“मग इमानातनं न्ह्यायचं की. वडापात कशाला आणलंय?”



एका वर्षी त्यांनी मला ऐन चैत्री यात्रेच्या दिवशी पाठवलं. गाडी खचाखच भरली म्हणजे हादरे खरे बसतात, असं त्यांचं म्हणणं. हादरे बसले. पण वर गुलालाचा नुसता पाऊस पडत होता. मी, पेटी, अँटेना, सगळं गुलाबी होऊन परत आलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या हातात कागद होता आणि त्यावरची एक रेघ मी वाडी रत्नागिरीत, म्हणजे जोतिबाच्या गावात, शिरल्यापासून वेडीवाकडी झाली होती. त्यांनी पेटीची जोडणी उघडली. आत गुलाल. मग त्यांनी आमच्या पेट्या घेणाऱ्या बंगळूरच्या लोकांना जाणाऱ्या अहवालात लिहिलं: जोडणीत गुलाल शिरल्यामुळे या आकड्याची नोंद ग्राह्य नाही. मी म्हटलं, नुसतं ‘धूळ’ लिहू या, त्या लोकांना काय कळणार?

“धूळ न्हवती. गुलाल हुता,” साहेब म्हणाले.

तिकडून दोनदा फोन आला, गुलाल म्हणजे नक्की काय म्हणून. त्यानंतर आमच्या प्रत्येक पेटीच्या जोडणीला रबराचं टोपण आलं.

आता त्या चिपांविषयी सांगायला हवं, कारण साहेबांचं सगळं तिथेच अडकलं. आमच्या पेटीत कुठला आकडा कितव्या नंबरने जाणार हे तारा जोडून कायमचं ठरवलेलं असे. चाचणी घेणाऱ्यांनी उद्या म्हटलं की इंजिनाचा आकडा आधी हवा, तर पेटी शिरोलीला परत यायची आणि आम्ही तारा सोडवून पुन्हा जोडायचो. तोवर जग पुढे चाललं होतं. कॉम्प्युटरवर बसून क्रम बदलता येईल अशा पेट्या परदेशात होऊ लागल्या. कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलमध्ये लागतात त्या चिपा स्वस्त आणि सरस निघू लागल्या. गिऱ्हाईक विचारू लागलं, तुम्ही त्या का वापरत नाही?

साहेबांचं उत्तर ठरलेलं. “एका इमानाच्या टेस्टा धा-पंधरा वर्सं चालत्यात. बाजारातली चिप तीन वर्सांत म्हातारी हुती, बनवायची बंद हुती. मग चवथ्या वर्साला पेटी बिघडली तर काय बसवशील? तुझं मुंडकं?”

प्रश्न अगदी रास्त होता, मी आजही तो मुलांना शिकवताना विचारतो. पण त्यावर साहेबांनी काढलेली वाट होती साठवणीची. एकच चिप निवडायची आणि विमानाच्या उभ्या आयुष्याला पुरतील इतक्या आत्ताच घेऊन ठेवायच्या. बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, त्यांत खास काळा स्पंज घातलेला. हा स्पंज वीज साठू देत नाही. त्यात चिपांचे पाय रोवून ठेवलेले. शेडच्या कपाटात ह्या डब्यांची रांगच्या रांग लागलेली होती. पापड-कुरडयांच्या डब्यांना बाई जितकी जपणार नाही तितकं साहेब त्यांना जपत.

नव्वदचं दशक संपता संपता एक मोठं काम निघालं. त्याच्या अटींत स्पष्ट होतं: पेटी सुट्या कार्डांची हवी, प्रत्येक कार्डाची बसायची जागा आणि जोडणी ठरलेली, म्हणजे एखादी चिप मिळेनाशी झाली तर तेवढं कार्ड नव्या चिपेचं करून बसवता येईल, बाकी पेटीला पत्ताही लागणार नाही. साहेबांनी अटी वाचल्या आणि कागद बाजूला सारले. “हे काय इमानाचं काम हाय? आज ह्याचा पाय, उद्या त्येचा हात. एक जीव पायजे पेटीत.” त्यांनी जुनीच पेटी पाठवली. काम दुसऱ्यांना गेलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत उरलेली कामंही आटली, शेड फौंड्रीचे लाकडी साचे करणाऱ्या एका पॅटर्नवाल्याला दिली आणि आम्ही पांगलो. मला पॉलिटेक्निकात शिकवायची नोकरी लागली. शेवटच्या दिवशी साहेबांनी डबे टेम्पोत चढवले ते स्वतःच्या हाताने. ते घरी गेले, माळ्यावर.

चार-पाच वर्षं गेली असतील. एका सकाळी त्यांचा फोन आला. “टेस्टर घिऊन ये. आत्ता ये.”

मी गेलो तर साहेब इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. बंगळूरहून फोन आला होता. आमची पेटी बसवलेलं एक जुनं विमान ते लोक अजून चाचणीला वापरत होते. पेटीतली चिप गेली होती, ती जगात कुठेच मिळत नव्हती, आणि कुणाला तरी शिरोलीच्या म्हाताऱ्याची आठवण झाली होती. “इमान जमिनीवर बसलंय,” ते म्हणाले. “माझ्या चिपेसाठनं बसलंय. एक चिप पायजे त्यास्नी. एकच.” इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी ज्याला वेड म्हटलं होतं ते आज खरं ठरणार होतं.

वहिनींनी डबे आणून मांडले. पत्रा लखलखीत घासलेला. साहेबांनी घरातल्या नळाला हात लावला, पहिला डबा उघडला आणि तसेच थांबले.

आत काळा स्पंज नव्हता. पांढराशुभ्र थर्मोकोल होता, आणि त्यात चिपा ओळीने वड्यांसारख्या लावलेल्या.

“त्यो काळा स्पंज पार चिकाट झालता,” वहिनी कौतुकाने सांगू लागल्या. “डांबरागत हाताला लागायचा, आन त्यांच्या पायांना बी गंज धरायलता. मग मी समद्या काढल्या आन ह्यात लावल्या. दर दिवाळीला माळ्यावरनं काढती, एकेक पुसती, परत लावती. माझ्या नायलॉनच्या साडीचा तुकडा ठिवलाय त्येला, लई मऊ हाय.” मग घाईने म्हणाल्या, “नळाला हात लावूनच हां. एकदा बी चुकले न्हाई.”

नायलॉनची साडी अंगावरून काढताना चटचट वाजते, ते विजेचंच वाजणं. थर्मोकोलही तसाच, घासला की वीज धरतो. दर दिवाळीला वहिनी नळाला हात लावत होत्या आणि मग त्या चिपांना मायेने मारत होत्या. मी साहेबांकडे बघितलं. आता हे बोलणार, आणि ते जे बोलतील ते वहिनींना ह्या जन्मात पुसता येणार नाही, असं मला वाटलं.

“चा टाक,” साहेब म्हणाले.

वहिनी आत गेल्यावर आम्ही एकेक चिप टेस्टरवर लावत गेलो. मेलेली. मेलेली. दुसरा डबा, तिसरा डबा. साहेब मेलेल्या चिपा बाजूला ठेवत होते. शेवटच्या डब्यात दोन चालू निघाल्या. मी जवळजवळ ओरडलोच, “साहेब, त्यांना एकच पाहिजे!”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “ह्यास्नी बी झटका बसलाय. टेबलावर चालत्यात, आभाळात कवा मरतील सांगता येत न्हाय. खालचं लोक आकडं बघत बसतील, आन आकडं खोटं असतील.” मग त्यांनी माझ्यासमोर बंगळूरला फोन लावला. “चिपा खराब झाल्यात. माझ्या ठेवणीत चूक झाली,” ते म्हणाले. पलीकडचा माणूस काहीतरी समजुतीचं बोलत असावा. साहेबांनी फोन ठेवला.

“पेटी सुट्या कार्डांची करायला पायजे हुती,” ते म्हणाले. “नवीन चिपेचं कार्ड केलं असतं, बसवलं असतं. त्यांनी लिवून दिलतं मला. मी वाचलं बी न्हाय नीट.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आन सगळ्या शिरोलीला मी नळ शिकवला. कारण शिकवलं न्हाय. घरच्या माणसाला बी न्हाय.”

वहिनी चहा घेऊन आल्या. “लागल्या का हो उपेगी?”

साहेबांनी कप हातात घेतला. 

“लागल्या,” ते म्हणाले. “लागल्या की. आजच धाडायच्यात बंगळूरला.”

वहिनींचा चेहरा असा फुलला की मला तिथे बसवेना. साहेबांनी त्यांच्या देखत चिपा खोक्यात भरल्या, वर पत्ता लिहिला आणि खोकं माझ्या हातात दिलं. फाटकापर्यंत सोडायला आले. “तुझ्याजवळच ठिव,” एवढंच म्हणाले आणि आत गेले. ते खोकं अजून माझ्याकडे आहे. पुढे कळलं, त्या विमानातून आमची पेटी काढून नवी बसवली, सुट्या कार्डांची. आकाशात उडणारी ती आमची शेवटची पेटी होती.

साहेब त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी गेलो तेव्हा जेवणं झाल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. विषय त्या दिवसाचा निघाला. माझ्या मनात आलं, आता ह्या विचारणार ते विमान अजून उडतंय का, आणि मी काय सांगायचं ते जुळवू लागलो.

“तुमी खोकं घिऊन गेलासा, मग आमी जेवाय बसलो,” वहिनी म्हणाल्या. “पहिला घास घेतला आन म्हणालं, आमटी झक्कास झालीया. उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हणालं बघा.”

मी म्हटलं, “खरंच चांगली झाली असेल, वहिनी.”

त्यांनी पदराने डोळे टिपले.

“चिपंच्या नादात मी त्या दिवशी मीठच घातलं न्हवतं,” त्या म्हणाल्या.